त्याला हाक मारू नका

"अक्का, हार्टचं दिसतंय, ऑक्सिजनचं दिसतंय. मेंदूचं प्रेशर कुठल्या लायनीत हाय वो?"

खानापूर तालुक्यातली ती मावशी मॉनिटरकडं बोट दाखवून विचारत होती. बेडवर तिचा मुलगा. वय २२, उद्यमबागेत फाउंड्रीत कामाला. मी म्हटलं, "त्याला लाईन नाही मावशी." "मग तुमाला कळतंय कसं?"

बेळगावात आयसीयूत नर्स म्हणून बारा वर्षं झाली, पण हा प्रश्न इतका सरळ कुणी विचारला नव्हता.

आषाढातली गोष्ट. पोराला आठ दिवस कावीळ होती. गावात उतरवून घेतली, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं, घरच्यांना बरं वाटलं. (लहानपणी त्याच रांगेत मीही उभारलेली आहे, तेव्हा हसायचा मला हक्क नाही.) नवव्या दिवशी तो आईला शिव्या द्यायला लागला. दिवसा झोप, रात्री बडबड, चपला उलट्या पायांत. "कधी उलटून बोललं नव्हतं वो पोरगं," मावशी हेच पुन्हा पुन्हा सांगत होती. रिपोर्ट हिपॅटायटिस ए, म्हणजे घाण पाण्यातून होणारी कावीळ. आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती उशीर लागतो तो आकडा, ५.१; हवा एकच्या आसपास, लिव्हर बिघडलं की चढतो. काविळीच्या माणसाची वागणूक बदलली की दुखणं लिव्हरपुरतं राहिलेलं नसतं. रात्रीपर्यंत तो हाकेलाही नीट प्रतिसाद देईना, तेव्हा नळी घालून व्हेंटिलेटर लावला.

लिव्हर बंद पडलं की अमोनिया रक्तात साठतो. मेंदूतल्या पेशी त्याचं ग्लुटामिन करतात, ते पाणी ओढून घेतं आणि पेशी फुगतात. कवटी काही फुगत नाही. मग दाब वाढतो, आणि फार वाढला तर मेंदू खाली सरकून श्वासाचं केंद्रच दाबलं जातं.

निपाणीहून आलेल्या मामांनी व्हिडिओ बघितला होता. "डोक्यात वायर घालून आकडा काढत्यात की! पैशाचं बघू नका." डॉक्टरांनी त्यांना बाहेरच्या बाकड्यावर बसवून समजावलं. तशी वायर असते. पण भोक पाडायचं ते ज्याचं रक्त गोठत नाही त्याच्या कवटीला. अमेरिकेतल्या केंद्रांची १९९३ साली पाहणी झाली, २६२ रुग्णांची. मेंदूच्या आवरणाबाहेर सेन्सर ठेवला तिथं गुंतागुंत ३.८ टक्के, आत घातला तिथं २० ते २२. आताच्या वायरी बारीक आहेत, रक्तस्राव कमी होतो, पण होतो. आणि आकडा दिसला म्हणून जास्त माणसं वाचली, असंही ठाम दिसलेलं नाही. ट्रान्सप्लांट होतं अशा मोठ्या केंद्रात निवडक रुग्णांना घालतात, ते ठीक. आमच्याकडं नको, हे माझंही मत. रात्री तीनला कवटीत रक्त साठलं तर ते काढायला दुसरं भोक पाडायचं, तेही त्याच पातळ रक्तात.

मामा मग प्लाझ्माच्या, म्हणजे रक्तातल्या गोठवणाऱ्या पातळ भागाच्या, मागं लागले. चार रक्तदाते गाडीत घालून आणले होते. डॉक्टर म्हणाले, रक्तस्राव नाही तर प्लाझ्मा नाही. मामा तापले. मला वाटतं, त्यांना कुणी नीट सांगितलंच नव्हतं : प्लाझ्मा दिला की आयएनआर सुधारलेला दिसतो, लिव्हर मात्र आहे तिथंच. लिव्हर परत चालू होतंय का हे सांगणारा आकडाच आपण पुसून टाकतो.

तर कळतं कसं? दर तासाला टॉर्च. दोन्ही बाहुल्या सारख्या आहेत का, उजेड पडल्यावर किती चटकन आकसतात. दिवसातून तीनदा डॉक्टर मिटलेल्या पापणीवर जेल लावून सोनोग्राफीचा प्रोब अलगद टेकवतात. डोळ्यामागच्या नसेभोवतीचं आवरण मेंदूच्या आवरणाला जोडलेलं असतं, आत दाब वाढला की तेही फुगतं. डोळ्याच्या गोळ्यामागं ३ मिलिमीटरवर त्याची रुंदी मोजायची. पाच मिलिमीटरच्या आसपास असली तर जीव थोडा भांड्यात. एका मापावर भरवसा नाही, कालच्यापेक्षा वाढलं की कमी झालं ते बघायचं.

बाकी सगळं हात आवरण्याचं काम. डोकं ३० अंश वर, मान सरळ, नळीची पट्टी गळ्याला आवळायची नाही, नाहीतर डोक्यातलं रक्त खाली उतरत नाही. सक्शन, म्हणजे नळीतला कफ ओढणं, गरजेपुरतंच, तेही आधी झोपेचं औषध देऊन, कारण एक खोकला आला तरी दाब चढतो. रक्तातलं सोडियम १४५ ते १५० मध्ये, म्हणजे मेंदूत पाणी कमी शिरतं. साखर दर तासाला, कारण लिव्हर साखरही सोडत नाही.

आणि मावशी. भेटीच्या वेळी ती त्याच्या कानाशी वाकून नाव घेऊन हाका मारायची, गाल चोळायची. वरचं बीपी १३० वरून १७० वर. "मावशी, त्याला हाक मारू नका," म्हणताना माझीच जीभ अडखळली. ती पायाशी जाऊन उभारली, हात पदरात घट्ट गुंडाळून.

दुसऱ्या रात्री ३.२० ला उजवी बाहुली मोठी दिसली. नाडी ५२. डोळ्यामागचं माप ६.१. मेंदूतलं पाणी ओढायला मॅनिटॉल आणि तीन टक्के सलाईन दिलं, थोडा वेळ व्हेंटिलेटरचा श्वास वाढवला. चाळीस मिनिटं मी टॉर्च खाली ठेवला नाही. चारला बाहुल्या सारख्या झाल्या.

सकाळी ट्रान्सप्लांटसाठी बेंगळुरूला न्यायची चर्चा. पाचशे किलोमीटर, ॲम्ब्युलन्सचे धक्के, आईच्या लिव्हरचा तुकडा, दीड एकर जमीन. मामा जमिनीचे कागद आणायला निघालेच होते, तेवढ्यात आयएनआर आला : ३.४. प्लाझ्मा दिलेला नव्हता, म्हणजे हे लिव्हरचंच काम. डॉक्टर म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबू. संध्याकाळी २.८. पाचव्या दिवशी नळी निघाली.

महिन्यानं दोघं तपासणीला आली. मी विचारलं, विहिरीचं पाणी आता उकळून पिता ना?

"उकळतो की मी रोज," मावशी म्हणाली. तिच्या पाठीमागं उभारून पोरगा मान हलवत होता : नाही.