समोरच्या एका दाताचं इम्प्लांट: दातापेक्षा हिरडीचीच कथा

शाळेत असताना पडले तेव्हा माझा वरचा समोरचा दात दुखावला होता. रूट कॅनाल आणि कॅपवर त्याने बरीच वर्षं काढली, शेवटी मुळालाच उभी चीर गेली. असं मूळ सहसा वाचत नाही. ब्रिज, म्हणजे शेजारच्या दातांच्या आधाराने बसवलेला दात, करायचा तर ते दोन धडधाकट दात घासावे लागणार, म्हणून इम्प्लांट ठरवलं: हाडात स्क्रू आणि त्यावर दात.

नागपुरात, त्यातही रामदासपेठ-धंतोलीकडे, दवाखान्यांना तोटा नाही. एका ठिकाणी 'आज काढू, आजच स्क्रू, आजच दात' असं ऐकलं. ज्या मॅडमकडे अखेर केलं, त्यांनी आधी मला मोठ्याने हसायला लावून फोटो काढले. हसताना माझी हिरडी दिसते. ज्यांची ओठाखाली झाकलेली राहते त्यांचं थोडं उणं-अधिक खपून जातं, माझं नसतं गेलं.

मग सीबीसीटी स्कॅन, म्हणजे जबड्याचा थ्री-डी एक्स-रे. समोरच्या दातांपुढचं, ओठाकडचं हाड बहुतेकांचं 1 मिलिमीटरपेक्षाही पातळ असतं आणि दात निघाला की ते झिजतं. माझं तर इन्फेक्शनने आधीच खाल्लं होतं. त्यामुळे दात काढून हिरडी भरू द्यायची, दीड-दोन महिन्यांनी इम्प्लांट आणि हाडाची पावडर एकदमच, मग पुन्हा काही महिने थांबायचं, असं ठरलं. सासूबाईंना हे पटेना. "काहून एवढा वेळ लागून राहिला बाप्पा? देशमुखीण बाईचा तं आठवड्यात बसला!" त्या बाईंचा ब्रिज होता, हे सांगून काही फरक पडला नाही.

मधल्या काळात बोळकं घेऊन फिरावं लागलं नाही. मॅडमनी माझ्याच दाताचा वरचा भाग मुळापासून कापला आणि फायबरच्या पट्टीने मागून शेजारच्या दातांना चिकटवला. काढता-घालता दात हिरडीवर दाबतो, हा दाबत नव्हता.

इम्प्लांटच्या दिवशी भूल होती, फारसं कळलं नाही. स्क्रू थोडा टाळूकडे बसवला, म्हणजे ओठाच्या बाजूला 2 मिलिमीटर तरी हाड राहावं. माझी हिरडी पातळ, आतला धातू करडा झळकू नये म्हणून टाळूतून एक तुकडा काढून तिच्याखाली सरकवला. दुखलं ते टाळूच. तर्री पोहे समोर आणि मी दहीभात खातेय, असे दिवस गेले.

खरं काम त्यानंतरचं. हाडाने स्क्रू पक्का धरल्यावर लगेच पक्की कॅप न लावता स्क्रूने घट्ट होणारा टेम्पररी दात बसवला. घट्ट करताना हिरडी पांढरीफटक पडली. थोड्या मिनिटांत गुलाबी झाली, तेव्हाच मॅडमनी मला उठू दिलं. पुढे दर वेळी तो काढून कुठे कंपोझिट (दाताच्या रंगाचं भरायचं मटेरियल) चढवायचं, कुठे घासायचं. त्या आकाराच्या दाबाने हिरडीची कमान आणि दोन दातांमधलं टोक घडत गेलं. ते टोक भरलं नाही तर तिथे काळा त्रिकोण दिसतो. दोन दात जिथे टेकतात तिथून शेजारच्या दाताच्या हाडापर्यंतचं अंतर 5 मिलिमीटर किंवा कमी असलं, तर ते भरायची आशा चांगली. माझं एका बाजूला पूर्ण भरलं, दुसऱ्या बाजूला जरासं कमी. पक्क्या दाताचं माप घेतानाही टेम्पररीच्या मुळाकडच्या आकाराची नक्कल करून घेतली, नाहीतर घडवलेली हिरडी बघता बघता बसते.

रंगासाठी दात बनवणाऱ्या लॅबचे भाऊ स्वतः आले. लिपस्टिक नको, सकाळचा उजेड हवा, आणि रंग सगळ्यात आधी बघायचा, कारण तोंड उघडं राहून दात वाळले की पांढरे दिसतात. त्याच्या जोडीच्या, शेजारच्या समोरच्या दातावर लहानपणापासून एक पांढरट डाग आहे. 'तो नव्यावरही काढू?' असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं. एकसारखा शुभ्र दात मला तरी खोटाच वाटतो. पहिला ट्रायल पिवळा वाटला म्हणून परत पाठवला, दुसरा जमला.

कणीस आता दाण्यादाण्याने सोलून खाते. इम्प्लांटची कंपनी, जाडी आणि लांबी लिहिलेलं कार्ड मात्र मागून घ्या: उद्या गाव बदललं आणि स्क्रू ढिला झाला, तर तिथल्या डॉक्टरला योग्य पाना त्यावरूनच कळेल.