लाल कॅलिपर आणि सहाशेचा डबा

शनिवार, रात्री

अलॉय व्हील लावली की कॅलिपर दिसायला लागतो, म्हणजे चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला दोन पॅडमध्ये दाबून धरणारा ब्रेकचा चिमटा. इतकी वर्षं लोखंडी रिम आणि त्यावर प्लास्टिकचं व्हील कव्हर, तेव्हा आत काय दडलंय याची माझ्या भाच्याला, सोहमला, फिकीर नव्हती. आता आरपार दिसतं, आणि जे दिसतं ते तपकिरी, पापुद्रे सुटलेलं, गंजकं. त्याचं नवल मला नाही. खाडीच्या हवेत ऐरोलीतली बाल्कनीची ग्रिलं टिकत नाहीत, तिथे चाकात बसलेल्या बिडाच्या तुकड्याला कोण विचारतंय. वरून चार महिने पाऊस.

तर भाचेबुवा कळव्याहून विटावा, दिघा करत आले ते हातात स्प्रेचा डबा घेऊनच. झाकण टोमॅटोसारखं लाल, आणि वर ठसठशीत अक्षरांत '६०० अंश सेल्सिअस'.

"मावशी, तू रंगाच्या कंपनीत होतीस. सांग, एक नंबर आहे ना?"

आई आतून म्हणाली, "पितृपंधरवडा चालू आहे. नवीन काही आणू नका."

"आजी, नवीन काही नाही. जुन्यालाच रंग देतोय."

"मग द्या. पण लाल कशाला?"

लालचं नंतर. मी डबा उलटा करून मागची बारीक अक्षरं वाचली. जे वाटलं होतं तेच निघालं: लावल्यावर २०० अंशाला भाजा. पुढचा आकडा ढोलताशात, मागची अट कुजबुजत.

ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या एका कारखान्याच्या प्रयोगशाळेत मी नोकरी केली. रंग तपासणं म्हणजे रंगाचा छळ करणं. तापवायचा, मिठाच्या फवाऱ्यात ठेवायचा, वाकवायचा, ओरखडायचा, मग कुठे फुटला ते लिहून ठेवायचं. त्यामुळे डब्यावरच्या मोठ्या आकड्याला मी भुलत नाही. साध्या एनॅमलचा सांगाडा कार्बनचा असतो, तो दीडशे-दोनशेच्या पुढे पिवळा पडतो आणि मग करपतो. सहाशेचे रंग सिलिकोन रेझिनचे. त्यातलं सिलिकॉन आणि ऑक्सिजनचं बंधन चिवट, म्हणून तो ताप सोसतो. पण ते जाळं नीट विणलं जायलाच आधी दोनशेच्या आसपासचा ताप लागतो. तोवर रंग हाताला सुका लागतो, आतून कच्चाच असतो. पेट्रोलच्या फडक्याने पुसला तरी निघतो. भट्टीच्या चिमणीवर किंवा सायलेन्सरवर हे आपोआप जमतं, कारण त्या जागा तेवढ्या तापतातच. कॅलिपरचं काय?

नुसतं बोलून सोहम ऐकणारा नाही. माझी इन्फ्रारेड थर्मामीटरची बंदूक घेऊन खाली गेलो. गाडी आत्ताच सिग्नल-सिग्नल थांबत आलेली. कॅलिपरवर बासष्ट अंश. डिस्कवर काय दाखवते ते मी त्याला वाचूच दिलं नाही, कारण चकचकीत धातूवर ही बंदूक खोटं बोलते, खऱ्यापेक्षा कमी आकडा देते. गंजलेल्या खरबरीत पृष्ठभागावर मात्र ती बऱ्यापैकी खरं सांगते. गंजाचा मला ठाऊक असलेला हा एकमेव फायदा.

ब्रेकमध्ये उष्णता कमी नसते बरं का. १ टनाची गाडी ताशी ८० किलोमीटरवरून पूर्ण थांबवायची तर सुमारे २५० किलोजूल ऊर्जा कुठेतरी जायला हवी. तेवढ्यात चार-पाच कप चहाचं आधण उकळेल. ती बहुतेक सगळी डिस्क आणि पॅडमध्ये जाते, डिस्क फिरता फिरता ती हवेत टाकत राहते, आणि कॅलिपरपर्यंत त्यातला थोडाच भाग पोचतो. खंडाळ्याचा घाट न्यूट्रलमध्ये उतरणाऱ्या शहाण्यांची गोष्ट वेगळी. पण तिथेही सहाशेचं नाव नको. कॅलिपरच्या आत पिस्टनचं रबरी सील आहे आणि ब्रेक ऑइल आहे. डॉट ४ या प्रतीचं नवं ऑइल किमान २३० अंशापर्यंत उकळू नये असा नियम, आणि हवेतलं पाणी पिऊन जुनं झालेलं ऑइल १५५ ला उकळलं तरी नियमात बसतं. ऑइल उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते, पेडल खाली जातं आणि गाडी थांबत नाही. म्हणजे कॅलिपर ज्या दिवशी सहाशेला पोचेल त्या दिवशी रंग टिकला की नाही हे बघायला आपण नसू.

रोजच्या वापरात कॅलिपरच्या रंगाचा वैरी ताप नाही. वैरी आहे ते ब्रेक ऑइल, जे बहुतेक रंग सोलून काढतं. मग पॅड आणि डिस्क झिजून उडणारी लोखंडी भुकटी, जी रंगात रुतून तिथेच गंजते. मग खारी हवा, चाकं धुणाऱ्यांची तिखट केमिकलं आणि साचलेलं पाणी. यांच्यापुढे अडीचशे-तीनशे अंशांचा, पण हार्डनर, म्हणजे रंग पक्का करणारं द्रव्य, मिसळून लावायचा दोन डब्यांचा कॅलिपर पेंट उजवा. तो खोलीच्या तापमानालाच पक्का होतो. आकडा निम्मा, काम दुप्पट.

सोहमचा चेहरा पडला. बाजारात तो मित्रांना विचारून गेला होता, आणि मित्रांच्या मते जितका आकडा मोठा तितका रंग भारी.

झोपण्यापूर्वी लोखंडी पट्टीच्या एका तुकड्यावर त्याचा सहाशेचा स्प्रे मारून बाल्कनीत ठेवला. सवय.

रविवार

दोन डब्यांचा पेंट सकाळी मिळाला. लालच. रंगावरून मी फार ताणलं नाही, गाडी त्याची आहे. त्याचं म्हणणं, रेसिंगच्या गाड्यांना लालच असतात. हे अगदीच खोटं नाही. इटलीत बर्गामोजवळ १९६१ मध्ये सुरू झालेली ब्रेम्बो ही कंपनी १९७५ पासून फेरारीच्या फॉर्म्युला वनच्या गाड्यांना ब्रेक देत आली, आणि तिच्या लाल कॅलिपरची जगभर नक्कल होते. पोर्शेमध्ये तर रंगाला अर्थ आहे: पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिकची डिस्क, पोपटी म्हणजे हायब्रिड. आमच्या हॅचबॅकच्या लालचा अर्थ एवढाच, की मालक सव्वीस वर्षांचा आहे.

पण मला रंगद्रव्याचं कुतूहल. भडक लाल रंगातली सेंद्रिय द्रव्यं फार ताप सोसत नाहीत, फिकी पडतात. कॅडमियमचा लाल सोसतो, पण तो विषारी. खरा टिकाऊ लाल म्हणजे आयर्न ऑक्साइड, आपला गेरू. पिवळी माती भाजली की तिच्यातलं पाणी जातं आणि ती लाल होते. तर गंमत अशी, की ज्या लोखंडाच्या ऑक्साइडला आम्ही सकाळभर घासून काढत होतो, त्याच्याच सख्ख्या भावाला रेड ऑक्साइड म्हणून प्रायमरच्या डब्यात पैसे मोजून विकत आणतात. सोहमला हे सांगितलं तर म्हणाला, "मग घासायचं कशाला?" प्रश्न वाईट नव्हता. डब्यातला ऑक्साइड रेझिनमध्ये घट्ट बांधलेला असतो आणि कॅलिपरवरचा सुटा, पापुद्र्यांचा. पापुद्र्यावर लावलेला रंग पापुद्र्यासकट जातो.

सोसायटीच्या सेक्रेटरींनी स्टिल्टमध्ये, म्हणजे इमारतीखालच्या पार्किंगमध्ये, स्प्रे मारायला आधीच मनाई केली होती, शेजारी त्यांची पांढरी गाडी. मला ब्रशच हवा होता. स्प्रेने डिस्कवर, रबरावर, पेव्हर ब्लॉकवर सगळीकडे धुकं बसतं.

चाकाचे नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले केले, मागच्या चाकांना विटा, हँडब्रेक, मग जॅक, आणि जॅकच्या भरवशावर न राहता जॅक स्टँड. हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो, म्हणून पुढची बाजू उचलताना निदान तो सोबत असतो. कॅलिपर खोलला नाही. ब्रेकचा पाइप सोडायचा म्हणजे ऑइलमध्ये शिरलेली हवा काढणं आलं, ते मेकॅनिकचं काम.

तारेच्या ब्रशने कोरडं घासायला सोहम सरसावला तेव्हा मात्र मी ओरडले. ब्रेकची धूळ कोरडी उडवायची नाही, फुंकायची तर अजिबात नाही. जुन्या किंवा स्वस्त पॅडमध्ये ॲस्बेस्टॉस असू शकतं. ओलं करायचं, तोंडाला मास्क, मग घासायचं. तारेचा ब्रश, जाड पॉलिश पेपर, मग बारीक, मग ब्रेक क्लीनर, मग पांढरं फडकं. फडकं करडं येईनासं होईपर्यंत पुन्हा क्लीनर. दुपारचं जेवण होऊन गेलं तरी एकच बाजू झाली होती. सोहमला वाटलं होतं काम रंगवण्याचं आहे.

मास्किंग टेप मी लावली, ते मी कोणाला देत नाही. हवा काढायचं निपल, कॅलिपर ज्यांवर सरकतो त्या स्लाइड पिनांचे रबरी बूट, ब्रेकचा होज, पॅड जिथे सरकतात त्या जागा आणि डिस्क पूर्ण. पॅडच्या सरकण्याच्या जागी रंग साचला तर पॅड अडकतात आणि डिस्कला घासत राहतात. निपल रंगाने बुजलं तर पुढच्या सर्व्हिसला मेकॅनिक आपल्या घराण्याचा उद्धार करतो.

सकाळी हवेत नव्वद टक्क्यांच्या वर आर्द्रता होती, तेव्हा डबा उघडायचा प्रश्नच नव्हता. कारखान्यातला दंडक: आर्द्रता ८५ च्या वर असेल तर रंग नाही, आणि धातू दवबिंदूपेक्षा किमान ३ अंशांनी गरम हवा. नाहीतर डोळ्यांना न दिसणारा पाण्याचा थर आधीच बसलेला असतो आणि रंग त्याच्यावर बसतो. तीननंतर ऊन पडलं, काटा पंचाहत्तरच्या खाली आला, तेव्हा हार्डनर मिसळला. एकदा मिसळला की थांबता येत नाही. पातळ हात, थोडं थांबून दुसरा पातळ हात. ब्रशच्या रेघा आपोआप मिटत गेल्या. त्याच पेंटचा एक फटकारा दुसऱ्या लोखंडी पट्टीवरही मारून ठेवला.

गाडी रात्रभर चाकांविना स्टँडवर. वॉचमनने फोन केला, "मॅडम, गाडीची चाकं चोरीला गेलीत." आई अजून हसतेय.

सोमवार

सोहमने रजा टाकली. चाकं बसवली, नट समोरासमोरचे आवळत गेलो, टॉर्क रेंचने, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्याने, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्यापर्यंत. शंभरेक किलोमीटर झाले की पुन्हा तपासायला सांगितलंय, अलॉयचे नट बसून थोडे ढिले होतात.

डावीकडचा आतला पॅड बाहेरच्यापेक्षा स्पष्ट जास्त झिजलेला आहे. तिथली पिन सरकत नसणार. मेकॅनिककडे गाडी याच आठवड्यात जाणार, मला त्यावर चर्चा नको.

पुढचा शनिवार

आज परीक्षा. सहाशेच्या स्प्रेची पट्टी आणि दोन डब्यांच्या पेंटची पट्टी शेजारी ठेवून प्रत्येकीवर ब्रेक ऑइलचा एक थेंब टाकला आणि वर कापूस. संध्याकाळी कापूस उचलला तर स्प्रेचा लाल त्याच्याबरोबर उठून आला, खाली उघडं लोखंड. दुसरीवर चमक थोडी उतरली, नखाने ओरखडलं तरी काही निघालं नाही. तिसरा तुकडा स्प्रेचाच, पण दोनशेला भाजून बघायचा होता, म्हणजे स्प्रेला न्याय मिळाला असता. आईने ओव्हन द्यायला साफ नकार दिला. रंगाचा धूर आणि नानकटाई एका ओव्हनमध्ये नको, हे तिचं बरोबरच आहे.

सोहमने दोन्ही पट्ट्यांचा फोटो मित्रांच्या ग्रुपवर टाकला. उत्तर आलं, "पण हजार अंशांचापण मिळतो, तो ट्राय कर."

मागच्या चाकांना डिस्क नाहीत, ड्रम आहेत, आणि आता अलॉयमधून ते गंजके ड्रम जास्तच डोळ्यांत भरतात. सोहमला तेही लाल हवेत. मी काळ्यावर अडून बसले आहे. आई म्हणते, नवरात्र बसू दे, मग काय तो रंग ठरवा.