सांगलीहून बेंगळुरूला इंटर्नशिपच्या मुलाखतीसाठी: पुढे जाणाऱ्यांच्या उपयोगाचं

आपल्या भागातून बेंगळुरूला मुलाखतीला जायचं तर राणी चन्नम्मा एक्सप्रेससारखी सोयीची गाडी नाही. सांगली-मिरजेहून दुपारी निघते आणि बेळगाव, धारवाड, हुबळी करत दुसऱ्या दिवशी सकाळी बेंगळुरूत उतरवते. बरेच जण सकाळी उतरून त्याच दिवशी दहाच्या मुलाखतीला पळतात. माझं ऐकाल तर तसं करू नका, एक दिवस आधी पोचा. गाडीला दोन तास उशीर झाला की जिवाची घालमेल सुरू होते, आणि समोर बसून द्यायच्या मुलाखतीत झोप न झालेला चेहरा आणि डोकं दोन्ही दिसतात.

मी कॉलेजातल्या एका सीनियर ताईच्या पीजीवर (पेइंग गेस्ट म्हणून राहायची जागा) राहिले. पीजीत पाहुण्याचे रात्रीप्रमाणे पैसे घेतात आणि काही ठिकाणी आधी सांगावंही लागतं, ते विचारून ठेवा. ओळखीचं कुणी नसेल तर रेल्वे स्थानकावरच्या रिटायरिंग रूम कन्फर्म तिकिटाच्या पीएनआरवर ऑनलाइन बुक करता येतात. आंघोळ करून, इस्त्रीचे कपडे घालून निघण्यापुरती सोय होते. मात्र त्या लवकर भरतात, तिकीट काढलं की लगेच बघा.

पोचल्या दिवशी संध्याकाळी कंपनीच्या गेटपर्यंत एकदा जाऊन या. बेंगळुरूत अंतर किलोमीटरमध्ये विचारून काही कळत नाही, वेळ विचारायचा. माझी मुलाखत व्हाइटफील्डच्या बाजूला होती. २०२३ च्या ऑक्टोबरपासून मेट्रोची पर्पल लाइन थेट व्हाइटफील्ड (काडुगोडी) पर्यंत जाते. रेल्वे स्थानकाला लागूनच त्या लाइनचं स्टेशन आहे, गाडी बदलावी लागत नाही. साधारण तासाभराचा प्रवास धरा. भाडं फेब्रुवारी २०२५ मध्ये बरंच वाढलं, तरी सकाळच्या गर्दीत कॅबपेक्षा मेट्रोच भरवशाची. इलेक्ट्रॉनिक सिटीला जायचं असेल तर मॅजेस्टिकहून (रेल्वे स्थानकाजवळचं मोठं मेट्रो स्टेशन) ग्रीन लाइनने आर. व्ही. रोड आणि तिथून यलो लाइन, ही ऑगस्ट २०२५ पासून सुरू आहे. आउटर रिंग रोडवरची ऑफिसं मात्र मी गेले तेव्हा बसच्याच भरवशावर होती. तिकडे जाणाऱ्यांनी आणखी तासभर हाताशी ठेवा.

सकाळी दर्शिनीत, म्हणजे उभ्याने खायच्या छोट्या हॉटेलात, चौचौ भात खाल्ला. भात नसतो तो, एका वाटीचं उपीट आणि एका वाटीचा शिरा. पोटाला हलका आणि लगेच मिळतो.

गेटवर वेळ जातो, हे कुणीच सांगत नाही. नाव नोंदवायचं, फोनवर ओटीपी येणार, मूळ ओळखपत्र दाखवायचं, लॅपटॉपचा सिरीयल नंबर लिहून द्यायचा. पेन ड्राइव्ह असेल तर तिथेच ठेवायला लावतात. फोन चार्ज असू द्या, आणि एचआरचा मेल स्क्रीनशॉट काढून ठेवा, कारण लॉबीत रेंज जाते. कॉलेजचं बोनाफाईड आणि आधारची झेरॉक्स माझ्याकडे मागितली.

आता मुख्य गोष्ट. एआयकडून उत्तरं घेऊन ऑनलाइन मुलाखत देणारे वाढले, म्हणून कंपन्या पुन्हा समोर बोलवायला लागल्या आहेत. त्यामुळे तिथे त्यांना बरोबर उत्तराइतकंच तुम्ही त्या उत्तरापर्यंत कसे जाता हे बघायचं असतं. हातात मार्कर, समोर पांढरा फळा. शांत उभं राहून मनातल्या मनात विचार केला तर समोरच्याला काहीच दिसत नाही.

मला आलेला प्रश्न असा: दर तासाच्या पाणीपातळीचे आकडे दिलेत, प्रत्येक आकड्यासाठी त्यापेक्षा मोठा आकडा किती तासांनी आला ते सांगा. मी आधी फळ्यावर ३८, ३६, ३७, ४१ असे चारच आकडे लिहिले आणि हाताने उत्तरं काढली: ३, १, १, आणि शेवटच्याला काही नाही. मग दोन लूपची सरळ पद्धत, म्हणजे प्रत्येक आकड्यासाठी पुढचे सगळे आकडे एकेक करून बघायची, सांगितली आणि आकडे वाढले की ती का मंदावते तेही. त्यानंतर स्टॅक, म्हणजे शेवटी ठेवलेलं आधी बाहेर काढायची रचना. ज्या आकड्याला अजून उत्तर मिळालेलं नाही तो स्टॅकमध्ये थांबतो. ३७ आला की ३६ सुटतो, ४१ आला की आधी ३७ आणि मग ३८. प्रत्येक आकडा एकदाच आत जातो, फार तर एकदाच बाहेर येतो, म्हणून काम n च्या, म्हणजे एकूण आकड्यांच्या संख्येच्या, प्रमाणात. हे सगळं मी मोठ्याने बोलत केलं. इंग्रजी अडलं तिथे छोटी वाक्यं केली, कुणी हरकत घेतली नाही. घरी कागदावर, मैत्रिणीला समोर बसवून याचा सराव करा. नुसते प्रश्न सोडवून हे येत नाही.

दुसऱ्या फेरीत माझा प्रोजेक्ट निघाला: सांगलीच्या आयर्विन पुलापाशी कृष्णेची पातळी दाखवणारं वेब पान. तिथे ४० फूट इशारा आणि ४५ फूट धोका, हे आमच्याकडे लहान पोरालाही पाठ असतं. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं होतं. त्यांनी विचारलं, तीन तास आकडाच आला नाही तर? मी सांगितलं, तिथे शून्य भरत नाही, जागा रिकामी ठेवते, आणि शेवटचा आकडा किती वाजताचा आहे ते ठळक दाखवते. शून्य भरलं तर आलेखात पूर ओसरल्यासारखा दिसेल आणि कुणीतरी त्यावर विश्वास ठेवून घरी परतेल. यावर आम्ही बराच वेळ बोललो: पुराच्या रात्री सगळं गाव एकदम पान उघडतं तेव्हा काय करायचं, एकदा आणलेला आकडा कॅशमध्ये (तात्पुरत्या साठ्यात) किती वेळ ठेवायचा. अख्ख्या दिवसातला हा भाग मला सगळ्यात आवडला. म्हणून सांगते, आपल्या गावातल्या खऱ्या अडचणीवर प्रोजेक्ट करा. ट्युटोरियल बघून केलेल्या प्रोजेक्टवर असे प्रश्न आले तर बोलायला काही उरत नाही.

मॅनेजरची फेरी छोटी होती. शेवटी तुम्हाला काही विचारायचंय का, म्हणतात. तेव्हा टीम काय काम करते आणि इंटर्नला कोण शिकवतं हे विचारा. स्टायपेंड, कालावधी आणि पीपीओचं (इंटर्नशिपनंतर त्याच कंपनीत मिळणारी नोकरीची ऑफर) एचआरला विचारा, त्यात संकोच नको. प्रवासखर्च देतात का हे जायच्या आधीच मेलवर विचारून तिकिटं जपून ठेवा. आणि रजिस्ट्रेशन किंवा लॅपटॉप डिपॉझिट म्हणून कुणी पैसे मागितले तर एक रुपयाही देऊ नका.

परतीची राणी चन्नम्मा रात्री उशिरा सुटते, त्यामुळे संध्याकाळ मोकळी मिळते. मी ती ऑफिसजवळचे पीजी बघण्यात घालवली: पाणी किती वेळ येतं, डिपॉझिट किती महिन्यांचं, सोडताना किती कापतात. निवड झाली की जॉइनिंगपर्यंत फारसे दिवस मिळत नाहीत, आणि त्यातले बरेच कॉलेजच्या एनओसीवर (ना-हरकत पत्र) सह्या गोळा करण्यात जातात. एनओसीचा अर्ज मुलाखतीला निघण्याआधीच भरून टीपीओ (कॉलेजचे प्लेसमेंट अधिकारी) सरांकडे द्या.