रात्री तीनची शुगर

शुगर असलेल्या माणसाची झोप मोडू लागली की घरात आधी झोपेच्या गोळीचा विषय निघतो. त्याआधी उशाशी एक वही ठेवा. जाग आली की किती वाजले आणि कशाने आली, एवढंच लिहा: लघवी, घाम, पायांची आग, की श्वास अडकून दचकून.

लघवीला दोन-तीनदा उठावं लागत असेल तर ‘वय झालं’ म्हणून सोडू नका. रक्तातली साखर साधारण १८०च्या वर गेली की मूत्रपिंडाला ती पूर्ण परत शोषता येत नाही. ती लघवीत उतरते आणि पाणीही ओढून नेते. मग तहान, मग पाणी, मग पुन्हा उठणं. ठाण्यात जेवणाची वेळच याला हातभार लावते. लोकलची गर्दी, स्टेशनबाहेर रिक्षाची रांग, घोडबंदर रोडची कोंडी. साडेदहाला ताट, अकराला अंथरूण. भाताची साखर चढते ती झोपेत. पोळी-भाजी सातलाच ऑफिसात खाऊन घ्यावी, घरी आल्यावर फक्त आमटी आणि कोशिंबीर. मात्र रात्रीची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल तर जेवण कमी करण्याआधी डोस डॉक्टरांकडून ठरवून घ्या. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्यांचं कामच साखर लघवीतून काढणं. त्या रात्री घेत असाल तर सकाळी घेता येतील का, हेही विचारा.

सगळ्यात जपायचं ते घामाला. उशी ओली, छातीत धडधड, घाबरवणारी स्वप्नं, सकाळी डोकं जड: ही साखर फार उतरल्याची खूण असू शकते. ग्लिमेपिराइड (साखर उतरवणारी गोळी) किंवा इन्सुलिनवर असलेल्याने अशा वेळी लगेच बोट टोचून बघावं. बोट आधी धुवून कोरडं करा. आंब्याचा रस लागलेला असेल तर आकडा खोटा वर दिसतो. सत्तरच्या खाली असेल तर तीन छोटे चमचे साखर पाण्यात घालून प्या, पंधरा मिनिटांनी पुन्हा तपासा, अजून खालीच असेल तर तेवढीच परत. चॉकलेट नको, त्यातल्या चरबीने साखर उशिरा चढते. माणूस शुद्धीत नसेल तर तोंडात काहीही घालू नका, दवाखाना गाठा.

फास्टिंग, म्हणजे सकाळची उपाशीपोटीची शुगर, जास्त येते म्हणून रात्रीचा डोस आपल्या मनाने वाढवणं मला सगळ्यात धोक्याचं वाटतं. दोन-तीन रात्री गजर लावून तीनची शुगर बघा. तीनला ठीक आणि सकाळी चढलेली असेल तर पहाटेच्या संप्रेरकांमुळे यकृत साखर सोडतंय. तीनलाच कमी असेल तर वाढवलेला डोस जिवावर बेतू शकतो.

घोरणं, मध्येच श्वास थांबणं, सकाळी कोरडं तोंड, दिवसा लोकलमध्ये बसल्या बसल्या डोळा लागणं, हा स्लीप ॲप्नियाचा संशय. टाइप २ मध्ये तो पुष्कळ आढळतो, आणि रात्रीची लघवी त्यानेही वाढते. तपासणी घरीही होते: बोटाला क्लिप, छातीला पट्टा, नाकाशी नळी. तासाला पाच किंवा जास्त वेळा श्वास अडखळला तर ॲप्निया, तीसच्या पुढे तीव्र. अशा माणसाला झोपेची गोळी दिली तर श्वास आणखी अडू शकतो. आधी वही म्हटलं ते यासाठी.

पायांची आग होत असेल तर नसांची तपासणी. मेटफॉर्मिन ही शुगरची गोळी बरीच वर्षं चालू असेल तर बी-१२ जीवनसत्त्वाचीसुद्धा.

महापे, रबाळे, ऐरोलीला रात्रपाळी करणाऱ्यांनी वहीत घड्याळासोबत ‘झोपून किती तास झाले’ हेही लिहावं. सकाळी आठला झोपणाऱ्याची ‘तीनची शुगर’ दुपारी बाराला बघायची.