पातं सोलिंगेनचं, मूठ काटोलची

संत्र्याचं लाकूड कधी हातात घेऊन पाहिलंय? नागपुरात संत्रं सगळ्यांना माहीत, बर्फी माहीत, लाकडाचं नाव मात्र कोणी काढत नाही. काटोल-नरखेडकडे बाग म्हातारी झाली की झाडं तोडतात आणि सगळं सरळ चुलीत जातं, आणि हे लाकूड असं आहे की पिवळसर, बारीक पोताचं, हाताला वजन लागणारं, कानस मारली तरी रेषा न फाटणारं. पार्लरमध्ये नखं करताना ज्या काड्या वापरतात ना, त्या मुळात ह्याच लाकडाच्या. मी त्याच्या वस्तऱ्याच्या मुठी बनवतो. धंदा नाही, नुसता नाद.

वस्तरा म्हणजे जुना, घडीचा, धार लावून वापरायचा. सलूनमध्ये आता अर्धं ब्लेड अडकवायचा असतो तो नाही. ह्याची मूठ म्हणजे दोन पातळ पट्ट्या, एका टोकाला पातं फिरायची पिन, दुसऱ्या टोकाला मधे एक पाचर, संपलं. एक मित्र परवा गच्चीवर येऊन बराच वेळ बघत बसला आणि मग म्हणतो, "काय करून राह्यला बे? दाढी तर पातं करते, मुठीले कोण पाह्यते?" बरोबर आहे त्याचं. मूठ केस कापत नाही, मिटल्यावर धार झाकणं एवढंच तिचं काम. पण पूर्वीच्या लोकांनी सगळी हौस तिथेच केली, हस्तिदंत, कासवाची पाठ, शिंपला, म्हशीचं शिंग. हस्तिदंत आणि कासव आता गेलं ते बरंच झालं, मला तर त्याचा फोटो बघूनही कसंतरी होतं. शिंग चालतं, पण ते घासताना जो जळक्या केसांचा वास येतो तो घरच्यांना सहन होत नाही, आणि येणारच, शिंग आणि केस एकाच केराटिनचे.

नंतर आलं सेल्युलॉइड, म्हणजे सुरुवातीच्या काळातलं प्लास्टिक. कुणाच्या आजोबांचा वस्तरा माझ्याकडे येतो तेव्हा बरेचदा मूठ ह्याचीच असते, घासली की कापराचा वास येतो कारण त्यात कापूर असतोच. दिसायला झकास, पण जुनं होऊन सडायला लागलं की त्यातून आम्लाची वाफ निघते आणि मिटून ठेवलेलं पातं आतल्या आत गंजतं, आणि माणसाला वाटतं की पोलादच खराब होतं. ज्या मुठीनं पातं सांभाळायचं तीच त्याला खाते.

पातं बहुतेक जर्मनीतल्या सोलिंगेनचं नाहीतर इंग्लंडातल्या शेफिल्डचं. सोलिंगेनचं नाव कुणीही टाकू नये म्हणून जर्मनीत १९३८ पासून कायदाच आहे, तिथे बनलेल्या मालावरच ते टाकता येतं. आपल्या नागपुरी संत्र्याला जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन, मिळाला २०१४ साली. म्हणजे माझ्या मुठीत दोन नावाजलेली गावं एका पिनेवर फिरतात, फक्त जीआय फळाला आहे, सरपणाला नाही.

लाकूड ओलं असताना दोन्ही टोकांना मेण लावून सावलीत ठेवायचं, आपल्या मे महिन्यात ४५ डिग्रीत उघडं टाकलं की टोकापासून तडकतं. मग अंदाजे ३ मिलिमीटरच्या पट्ट्या, दोन्ही डबल टेपनं एकमेकींना चिकटवून एकदमच आकार द्यायचा, भोकंही एकदमच पाडायची, म्हणजे दोन्ही बाजू जुळतात. खरी मजा पाचरीत आहे. ती एका बाजूला केसभर जाड राहिली की पातं मिटताना त्याच्या उलट पट्टीला घासणार आणि धारेची वाट लागणार, म्हणून ती काचेवर वॉटर पेपर ठेवून घासायची, लावून बघायची, परत काढायची, परत घासायची. शेवटी पितळेची १.६ मिलिमीटरची तार, दोन्हीकडे बारके वॉशर, आणि रिपीट, म्हणजे रिव्हेट, मारायचं. जोरात नाही हां! टिक टिक टिक असं, हातोडी जवळजवळ आपल्याच वजनानं पडू द्यायची, तारेचं डोकं हळूहळू पसरून टिकलीएवढं गोल होतं. जास्त ठोकलं तर पातं उघडत नाही, कमी ठोकलं तर लडबडतं.

पॉलिशला लोक फेविक्विकसारखा पातळ ग्लू थरावर थर देतात, चमक येते, पाणीही शिरत नाही, पण मग लाकूड कशाला घेतलं, प्लास्टिकच घ्यायचं ना. मी जवसाचं तेल लावतो, अगदी पातळ हात, पुसून टाकायचं. ते वाळत नाही, हवेतला ऑक्सिजन घेऊन कडक होतं, पावसाळ्यात जीव खातं. एक मात्र सांगून ठेवतो, तेलाचं फडकं चुरगळून कोपऱ्यात टाकायचं नाही, आपलं आपण तापून पेट घेतं. पसरून वाळवायचं.

सध्या तेंदूचा एक तुकडा आलाय, पडक्या घरातून. पानं विड्यांना जातात तोच तेंदू, पण गाभा काळाकुट्ट आणि असा टणक की ड्रिलची बिट गरम होते. हे कळल्यावर तोच मित्र म्हणतो, "मले बी एक बनवून दे ना राजा, वर वाघ कोरून." वाघ-बिघ काही नाही म्हटलं, आधी दाढी करायला शिक, मग साधी काळी देईन.