नॉव्हिस चेसची वही: आर्कलसाठी फॉर्म वाचताना

हर्डलवर, म्हणजे कमी उंचीच्या अडथळ्यांवर, राज्य केलेला घोडा पहिल्यांदा मोठ्या फेन्सवर उतरतो, तेव्हा त्याचं जुनं रेटिंग किती धरायचं? या एका प्रश्नासाठी मी नॉव्हिस चेसची वेगळी वही घातली. तिला आता बऱ्यापैकी आकार आलाय. इंग्लंडमधल्या चेल्टनहॅमची आर्कल ही रेस समोर ठेवून काय जमलं आणि काय अजून चाचपडतोय, ते मांडतो.

महालक्ष्मी आणि पुण्याच्या रेसवर वाढलेल्यांसाठी आधी थोडी ओळख. चालू सीझन सुरू होण्याआधी ज्याने एकही स्टीपलचेस (थोडक्यात चेस, मोठ्या फेन्सवरची रेस) जिंकलेली नाही, तो नॉव्हिस. आपल्या मेडनशी याची गल्लत करू नका. मेडन म्हणजे अजून एकही रेस न जिंकलेल्यांची रेस, ती एकदा जिंकली की घोडा त्या गटातून बाहेर पडतो. इथे सीझनमध्ये चार रेस जिंकल्या तरी तो नॉव्हिसच राहतो, त्यामुळे एकाच रेसमध्ये चार विजयांचा घोडा आणि जेमतेम एक चेस पळालेला घोडा शेजारी उभे असतात. स्टार्टिंग गेट नाही, टेपमागून सुरुवात होते. म्हणजे ड्रॉचा, गेटमध्ये कुठली जागा मिळाली याचा, विचारच नको. हर्डलची उंची साडेतीन फूट आणि ते धक्क्याने मागे झुकतं. फेन्स किमान साडेचार फुटांची, घट्ट बांधलेली, तिला धडकलं की घोड्याची लय तुटते. आर्कल म्हणजे सुमारे दोन मैल आणि तेरा फेन्स, मार्चमधल्या फेस्टिव्हलच्या पहिल्याच दिवशी. 1964, 65 आणि 66 अशी सलग तीन वर्षं चेल्टनहॅमचा गोल्ड कप जिंकणाऱ्या आर्कल या घोड्याचं नाव 1969पासून या रेसला आहे.

वहीत सर्वांत जास्त फायदा झाला तो फॉर्मच्या ओळीतली, म्हणजे घोड्याच्या मागच्या निकालांच्या ओळीतली, अक्षरं सोडवून लिहिल्याचा. आकडे सगळेच वाचतात. पण नॉव्हिसच्या ओळीत एफ, यू, बी, पी ही अक्षरं येतात: पडला, जॉकी खाली आला, दुसऱ्यामुळे पडला, थांबवला. या चारींचा अर्थ अगदी वेगवेगळा असूनही भाव देणारा बाजार कधीकधी त्यांना एकाच पारड्यात टाकतो. एडवर्डस्टोन पाहा. 2021च्या शरद ऋतूत वॉरिकला पहिल्याच चेसमध्ये तो दुसऱ्या घोड्याच्या पडण्यात अडकून बाहेर गेला. कागदावर डाग पडला, पण त्याच्या उडीत खोट नव्हती. पुढे सॅन्डाउनची हेन्री द एट्थ, केम्प्टनची वेवर्ड लॅड, वॉरिकची किंगमेकर आणि मार्च 2022मध्ये आर्कल, सगळं त्याने जिंकलं. म्हणून आता प्रत्येक अक्षरासमोर मी एक ओळ लिहितोच: कोणती फेन्स, घोडा थकलेला होता की ताजा, चूक कोणाची.

उडी कशी पाहायची, हे मला टीव्हीवर कधी नीट कळलं नाही. मी इंग्लंडच्या मिडलंड्समध्ये राहतो, वॉरिकचा रेसकोर्स जवळ आहे. तिथे पलीकडच्या सरळ भागात पाच फेन्स पाठोपाठ येतात. मोठ्या स्टँडपासून लांब, त्या फेन्सच्या रेलिंगला टेकून उभं राहिलं की सगळं कळतं. फेन्सच्या पायाशी पांढरी फळी असते. 2022पासून इथे नारिंगी रंग काढून पांढरा आणला, कारण घोड्याच्या डोळ्याला नारिंगी आणि हिरव्यातला फरक नीट कळत नाही. चांगला उडी मारणारा घोडा त्या फळीकडे येताना तीन ढांगा आधीच मान किंचित खाली करून अंतर मोजतो. कान पुढे असतात. जॉकीचे हात स्थिर राहतात, आणि उतरताना लगाम बोटांतून सरकून मोकळा सुटतो. कच्चा घोडा शेवटच्या ढांगेत एक तोकडं पाऊल जास्तीचं टाकतो, फळीच्या फार जवळ जातो, मग सरळ वर उडून जड उतरतो. पडत नाही, पण प्रत्येक वेळी घोड्याची अर्धी-पाऊण लांबी गमावतो. पाच फेन्समध्ये ते तुमच्या डोळ्यांदेखत साठत जातं. निकालाच्या पानावर यातलं काहीच दिसत नाही. तिथे दोघांपुढेही ‘पहिला’च लिहिलेलं असतं, वेगवेगळ्या दिवशी, वेगवेगळ्या प्रतिस्पर्ध्यांपुढे.

दुसरी गोष्ट दिशेची. चेल्टनहॅम डावीकडे वळणारं, चढउतारांचं आणि शेवटी लांब चढ असलेलं मैदान आहे. केम्प्टन आणि सॅन्डाउन उजवीकडे वळतात, केम्प्टन तर जवळजवळ सपाट. हवेत उजवीकडे झुकणारा घोडा केम्प्टनला फायद्यात राहतो, चेल्टनहॅमला तीच सवय त्याला प्रत्येक फेन्सला बाहेर ढकलते. त्यामुळे डिसेंबरच्या केम्प्टनच्या विजयासमोर मी झुकाव लिहिल्याशिवाय पान उलटत नाही. आयर्लंडचं लेपर्ड्सटाउन डावीकडचं आहे, आयरिश आर्कल फेब्रुवारीच्या सुरुवातीला तिथेच होते, म्हणून तो पुरावा मला जास्त वजनाचा वाटतो. सॅन्डाउनची रेल्वे फेन्सेस नावाची एकामागोमाग तीन कुंपणं वेगात उडी घ्यायची परीक्षा घेतात. तिथे सहज निघालेला घोडा, दिशा उलटी असली तरी, मी वर ठेवतो. आणि चेल्टनहॅमला आधी जिंकलेला घोडा असेल तर त्याला वेगळी खूण. 2020ची विजेती पुट द केटल ऑन ही घोडी नोव्हेंबरमध्ये याच मैदानावर जिंकून गेली होती, शिवाय घोडींना वजनात मिळणारी सात पौंडांची सूट होती. तरी मार्चमध्ये भाव 16/1 होता, म्हणजे एक लावला तर सोळा नफा. पुढच्या वर्षी तिने चॅम्पियन चेस ही नॉव्हिस नसलेल्यांनाही खुली असलेली मोठी रेसही जिंकली.

आता भावाकडे येतो, कारण माझ्या मते नॉव्हिस चेसमध्ये पैसे घोडा निवडताना जात नाहीत, भाव निवडताना जातात.

2025ची आर्कल उदाहरणाला घ्या. पाच घोडे. मेजबरोवर 1/2 भाव, दोन लावले तर एक नफा, म्हणजे बाजाराच्या मते जिंकण्याची शक्यता दोन-तृतीयांश, 66.7 टक्के. घोडा खरोखर गुणी. ट्रायम्फ हर्डल जिंकलेला, आयरिश आर्कल जिंकलेला, ट्रेनर विली मलिन्सच्या तबेल्यातला. माझ्या वहीत आता मी हे दोन टप्प्यांत लिहितो. मोठी चूक न करता तेरा फेन्स पार करण्याची शक्यता समजा 80 टक्के. तसं झालं तर जिंकण्याची शक्यता समजा 75 टक्के. गुणाकार 60 टक्के. म्हणजे घोडा सर्वोत्तम आहे असं मनापासून मानूनही 1/2 ला हात लावायचा नाही. हे आकडे माझा अंदाज आहेत, तुम्ही तुमचे घाला, पण गुणाकार करा. प्रत्यक्षात मेजबरोने शेवटून दुसऱ्या फेन्सला जबर चूक केली आणि तिसरा आला. 5/1 भावाचा जँगो बाय चढावर मागून येऊन जिंकला. तो त्याआधी सॅन्डाउनच्या सिली आइल्समध्ये अडीच मैलांच्या आसपास पळाला होता. दोन मैलांच्या रेसला शेवटी चढ असेल तर जास्त अंतर पेलणाऱ्या घोड्याला कमी लेखू नये, अशी नोंद मी ठळक करून ठेवलीय. दुसरी आली ओन्ली बाय नाइट, पुन्हा एक घोडी.

चूक होण्याचा हा धोका नॉव्हिसपुरताच नाही. 2023चा आर्कल विजेता एल फॅबिओलो पुढच्या वर्षी चॅम्पियन चेसला 2/9 भावाने उतरला, मोठी चूक केली आणि जॉकीने त्याला थांबवलं. नॉव्हिसमध्ये तो धोका जास्त असतो, कारण घोड्याने अजून पूर्ण वेगात, अंगावर प्रतिस्पर्धी घेऊन उडी मारलेलीच नसते. एकट्याने पुढे पळत जिंकलेल्या चार रेस मला म्हणूनच फारसं काही सांगत नाहीत. कोणी बरोबरीने फेन्सकडे येत असताना त्याने काय केलं, हा रकाना मी नव्याने आखलाय. तो बहुतेक घोड्यांसमोर रिकामाच असतो, आणि ही रिकामी जागासुद्धा माहितीच आहे.

उलट बाजूही लिहायला हवी. 2014ला वेस्टर्न वॉरहॉर्स 33/1 ने जिंकला, त्याआधी त्याने एकच चेस पळली होती. शँपेन फीव्हरला त्याने डोक्याएवढ्या अंतराने हरवलं. असा घोडा आधी ओळखण्याची पद्धत माझ्याकडे नाही आणि तशी पद्धत आहे असं सांगणाऱ्या टिपवर मी पैसे लावत नाही.

ईच-वे बेटबद्दल पटकन. अर्धे पैसे विनवर (घोडा जिंकण्यावर), अर्धे प्लेसवर (पहिल्या काही क्रमांकांत येण्यावर). पाच ते सात घोडे पळाले तर पहिल्या दोघांना प्लेस, विनच्या भावाच्या चौथ्या हिश्श्याने. आठ किंवा जास्त असले तर पहिले तीन, पण पाचव्या हिश्श्याने. चार किंवा कमी घोड्यांत ईच-वे नाहीच. आठ घोड्यांच्या रेसमधून सकाळी एक बाहेर पडला की तिसऱ्याची प्लेस गेली, म्हणून अगदी आठ घोड्यांच्या रेसमध्ये मी शेवटपर्यंत थांबतो. आधी भाव घेतला आणि नंतर फेव्हरिट (सर्वांत कमी भावाचा घोडा) बाहेर पडला, तर रूल फोर लागतो: 1/2 चा घोडा निघाला तर तुमच्या नफ्यातून पौंडामागे 65 पेन्स कापले जातात. नॉव्हिस चेसमध्ये घोडे कमी आणि फेव्हरिट तगडा, त्यामुळे हे वरचेवर घडतं.

पैशांचा नियम साधा आहे. सीझनसाठी बाजूला काढलेली रक्कम, प्रत्येक बेट तिच्या एका टक्क्याची, आणि माझा अंदाज नि बाजाराचा भाव यांत फरक दिसला नाही तर बेट नाही. बहुतेक रेसला माझं पान बेटविना बंद होतं. तुमच्यापैकी जे भारतातून नुसतं कागदावर खेळतात, त्यांनीही भाव लिहून ठेवावा. कोण जिंकणार एवढंच लिहिलं तर अंदाज सुधारला की नाही, ते कधीच कळत नाही.

पुढचं काम: नोव्हेंबरमध्ये चेल्टनहॅमची आर्कल ट्रायल, डिसेंबरच्या सुरुवातीला हेन्री द एट्थ, नाताळच्या दुसऱ्या दिवशी लेपर्ड्सटाउनची दोन मैलांची नॉव्हिस चेस. प्रत्येक रेस आधी भाव न पाहता बघायची, उडीच्या नोंदी लिहायच्या आणि मगच भाव उघडायचा. ओल्या जमिनीवर उडीची लय किती बदलते, यावर माझ्या नोंदी अजून तोकड्या आहेत. जमीन किती कडक ते सांगणारे आपल्याकडच्या पेनेट्रोमीटरचे आकडे असतात, तसे इथे गोइंगस्टिकचे मिळतात. ते उडीच्या नोंदींशी कोणी जोडून पाहिले असतील, तर रकाने कसे आखलेत ते जरूर कळवा.