कालीची तिसरी सकाळ

घरात मी 'शांत' म्हणून प्रसिद्ध आहे. 'हिला राग येतच नाही' हे इतकी वर्षं ऐकलं की मलाही ते खरं वाटायला लागलं होतं. मग गेल्या महिन्यात आईच्या तपासण्यांची जुनी फाइल दादाकडे मागितली. पहिल्या दिवशी 'आज स्कॅन करून पाठवतो', दुसऱ्या दिवशी 'उद्या नक्की', तिसऱ्या दिवशी 'अगं, विसरलोच बघ!' त्यावर फोनवर मी जे काही बोलले त्यात फाइल जेमतेम चार वाक्यांपुरती होती. बाकी सगळं वीस वर्षांपूर्वीचं.

फोन ठेवला तेव्हा, खरं सांगते, मस्त वाटलं.

संयुत्त निकाय या बौद्धांच्या पाली ग्रंथात एक प्रश्न येतो: कशाला मारलं म्हणजे माणूस सुखाने झोपतो? बुद्धांचं उत्तर, क्रोधाला. आणि या क्रोधाला दोन विशेषणं आहेत, 'विसमूल' आणि 'मधुरग्ग'. मुळाशी विष, शेंड्याला मध. राग गोडही लागतो हे इतकं उघडपणे कबूल केलेलं मला फार आवडतं. माझा मध दहा मिनिटांत संपला. रात्री दोनपर्यंत मनातल्या मनात भांडण चालूच. दादा समोर नसल्याने त्याची उत्तरंही मीच देत होते.

तेव्हा वेदेहिका आठवली. मज्झिम निकाय या तशाच दुसऱ्या ग्रंथातल्या २१व्या, ककचूपम सुत्तातली, म्हणजे करवतीच्या उपमेच्या उपदेशातली, ही श्रावस्तीची घरमालकीण. सौम्य, शांत अशी तिची ख्याती. तिच्या दासीला, कालीला, प्रश्न पडतो: बाईंना राग नाहीच, की माझं काम चोख असतं म्हणून तो दिसत नाही? मग ती मुद्दाम उशिरा उठते. पहिल्या दिवशी बाईंच्या कपाळावर आठ्या. दुसऱ्या दिवशी आणखी उशीर, आणि तोंडाचा पट्टा. तिसऱ्या दिवशी बाई दाराचा अडसर उचलून तिच्या डोक्यात घालतात. काली तशीच रक्ताळलेल्या डोक्याने शेजाऱ्यांना सांगायला जाते, बघा शांत बाईंची करणी!

गोष्ट भिक्खूंसाठी आहे: कुणी टोचून बोलत नाही तोवर सगळेच सौम्य. पण माझा जीव कालीत अडकतो. वेदेहिकेचा लौकिक कालीच्या भल्या पहाटे उठण्यावर उभा होता, आणि माझा? घरातले सगळे वेळेवर वागत होते, एवढंच. याच सुत्ताच्या शेवटी दरोडेखोर करवतीने अवयव कापत असले तरी मनात द्वेष नको, असं सांगितलंय. तिथे मी हात टेकते. माझी गाडी फाइलवरच अडली होती.

पाचव्या शतकातले बौद्ध भाष्यकार बुद्धघोष यांनी 'विसुद्धिमग्ग' या आपल्या ग्रंथात मात्र माझ्यासारख्यांची सोय केली आहे. एक उपाय लागू पडला नाही तर दुसरा, तोही नाही तर तिसरा. त्यातला एक असा: नेमका कशावर रागावलास? त्याच्या केसांवर? नखांवर? दातांवर? अंधारात मी प्रयत्न केला. दादाच्या केसांवर रागवायचं तर आता उरलेत किती! हसूच फुटलं.

यादीतला शेवटचा उपाय देण्याघेण्याचा. आपली वस्तू त्याला द्यावी, त्याची आपण घ्यावी. काय द्यावं याचा विचार करताना आठवलं, बाबांच्या तरुणपणच्या एका फोटोचं स्कॅन तो माझ्याकडे दीड वर्ष मागतोय. मी दर वेळी 'पाठवते' म्हणते.

सकाळी कपाट उपसलं, फोटो शोधला, पाठवला. त्याचा फोनवर नुसता अंगठा आला.

फाइल अजून आलेली नाही.